कानामागचा वण

किड्यांचा अंमल संपल्यावर पराग घरी परतला, तेव्हा हेमलताबाईंनी त्याला काहीच विचारलं नाही. आकाशातून आलेले ते किडे मेंदूत शिरून माणसाला हवं तसं वागायला लावायचे. त्या काळात पोटच्या पोरांनीही काय काय केलं, हे सगळ्या सांगलीने पाहिलं होतं. परागने तर धाकट्या बहिणीला, केतकीला, हाताला धरून किड्यांच्या छावणीत नेऊन सोडलं होतं. ती परत आली नाही.

"आई, तो मी नव्हतोच गं," तो त्यांच्या पायाशी बसून म्हणाला.

"माहीत आहे रे, बाळा." याच एका गोष्टीसाठी त्या साऱ्या गणगोताशी भांडल्या होत्या.

त्यांनी तेल कोमट केलं आणि लहानपणीसारखं त्याच्या डोक्याला चोळायला घेतलं. किडा कानामागे चिरून काढतात आणि तो वण जन्मभर राहतो. दुखू नये म्हणून त्यांनी तिथे हलकेच बोट फिरवलं. उजव्या कानामागची कातडी गुळगुळीत होती. त्यांनी डावा कान चाचपला. तिथेही काही नव्हतं.

परागची मान ताठ झाली.

"छावणीतले म्हणाले, घरातलं एक माणूस दे, तुला सोडतो," तो पुटपुटला. "मी घाबरलो होतो, आई."

"जाताना काही बोलली का ती?"

"कुठे चाललोय, विचारत होती. मी म्हटलं, आईकडे."

हेमलताबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले, उठून दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.