वीस किलोंच्या आत

"आई, दप्तर किती जड गं!"

"असू दे. चार किलो गहू आहेत त्यात," मृदुला शर्वीला म्हणाली. "दप्तरासकट वजन वीस किलो भरलं नाही तर इथला पादचारी पट्टा आपल्याला कुत्रं समजतो. मग त्या बिनचालकाच्या गाड्या थांबत नाहीत."

रोज ती स्वतः सोबत जाई. आज तान्ह्याला ताप होता, म्हणून ती सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत राहिली.

पट्ट्यापाशी शेजारची जुई ताटकळत उभी होती. शर्वीने गव्हाची पिशवी काढून तिच्या दप्तरात घातली.

"शर्वे, नको!" पण आवाज खाली पोचेना.

जुईसाठी गाड्या शिस्तीत थांबल्या. ती पार झाली, गाड्या पुन्हा सुटल्या. शर्वीने वर बघून आईला हात केला आणि हलकं दप्तर उडवत पट्ट्यावर पाय ठेवला.