फक्त सहा हजार किलोमीटर

"बाबा, तुम्ही गप्प बसा. मी बोलते!" गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल पटकावलेली, त्यामुळे पुण्याहून आलेला जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणजे माझ्यासाठी किरकोळ काम होतं. बेदाण्याचा धंदा बसला होता. या जर्मन गाडीचे निम्मे पैसे आले, तरी तासगावातलं दुकान वाचणार होतं.

"काका, नव्वद लाखांची गाडी आहे. चार वर्षांत फक्त सहा हजार किलोमीटर! किंमत उतरेल म्हणून बाबा लग्नाकार्यापुरतीच बाहेर काढतात. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे, बघा."

काकांनी बॉनेट अलगद बंद केलं. "छान बोलतेस, बाळा. पण या गाड्यांचा भाव उभ्या उभ्या उतरतो. रोज फिरवली असती, तरी फार तर दोन लाखांचा फरक पडला असता. बावीस देतो."

मी पुढचा मुद्दा काढणार, तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं. ते गाडीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अण्णा दोनदा म्हणाले होते, एकदा गणपतीपुळ्याला ने, समुद्र बघायचाय. मी म्हटलं, खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो. एसटीत बसवून देतो."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. एसटीचा प्रवास त्यांना झेपण्यासारखा नव्हता. दिवाळीत गेले, समुद्र न बघताच.

मग काका खाली बघत म्हणाले, "चला, तेवीस."

आणखी ताणलं असतं, तर चोवीसही झाले असते. मी ताणलं नाही.