मंगळवारचा भामटा

"सील तोड," आजी मामाला म्हणाली.

बैठकीतली सगळी बोलणी थांबली. दुफी पडद्यामागे उभी राहून ऐकत होती. आज सकाळी ओफोसूची माणसं तिला मागणी घालायला आली होती. पाणी देऊन झालं, 'काय काम काढलंत' विचारून झालं, आणि त्यांनी रीतीप्रमाणे दार ठोठावायची दारू, म्हणजे श्नॅप्सच्या दोन बाटल्या, टेबलावर मांडल्या. आता आजी त्या ठेवून घेते की परत न्यायला सांगते, एवढंच उरलं होतं. या घरात आजीच्या शब्दापुढे मामाचंही काही चालत नाही.

अडचण अशी की ओफोसू दर मंगळवारी टीव्हीवर भामटा असायचा. मालिकेत तो तुरुंगातून सुटलेला पोकू, आणि त्याला हाताशी धरून बाकीच्या चोरांना पकडणारी इन्स्पेक्टरबाई. अख्खं कुमासी शहर ही मालिका बघायचं, आणि आजी तर खुर्ची पुढे ओढून. मागच्याच मंगळवारी पोकूने एका विधवेला श्नॅप्सच्या बाटल्यांत पाणी भरून विकलं होतं. नवऱ्याच्या वर्षाच्या दिवशी तिने त्या उघडल्या आणि चारचौघांत तिचं हसं झालं.

ते नाटक आहे हे दुफीने आजीला शंभरदा तरी सांगितलं असेल. आजीचं उत्तर ठरलेलं. "नाटक आहे ते कळतं गं मला. पण इतकं हुबेहूब खोटं ज्याला जमतं, त्याचं खरं तू कशावरून ओळखणार?"



ओफोसू कोपऱ्यात मुकाट बसला होता. टीव्हीवर दगडालाही गुंडाळणारा माणूस, पण मागणीच्या दिवशी मुलाने तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीने त्याचे काका बोलत होते. शेजारी फ्रेमा होती, मालिकेतली इन्स्पेक्टरबाई. ओफोसूने तिला मुद्दाम आपल्या बाजूने आणलं होतं, आजीला जरा भरवसा वाटावा म्हणून. आजीने तिला चांगली गादीची खुर्ची दिली आणि वर झापलंही, की तुमच्या डोळ्यांदेखत हा दर आठवड्याला कुणाला तरी गंडवून निसटतो म्हणजे काय, झोपा काढता का?

काकांनी नम्रपणे आठवण करून दिली की बाटली होकार झाल्यावर उघडायची असते.

"होकाराचं मागून बघू," आजी म्हणाली. "आधी आत पाणी आहे की दारू, ते बघते."

मामाने छताकडे पाहत सील तोडलं.

आजी पेला घेऊन उठली. उंबरठ्यापाशी गेली, वाकली, चार थेंब जमिनीवर सांडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मग एक घोट घेतला. तिचा चेहरा सुकल्या आंब्यासारखा आक्रसला.

"दारूच आहे," ती म्हणाली. जरा नाराजच झाली होती.

काका घसा खाकरून पुढचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात फ्रेमाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती बोलली ती हळू आवाजात. मंगळवारी कुणाला पकडण्याआधी ती अशीच बोलते.

"आजी, पहिले थेंब कुणाला दिलेत?"

"कुणाला म्हणजे? माझ्या आईला. तिच्या आईला. त्यांच्या आधी मी कशी पिणार..."

आजी थांबली. तिने उंबरठ्याकडे पाहिलं. सिमेंटवरचे ओले डाग वाळत चालले होते.

परक्याची दारू कुणी पूर्वजांना पाजत नाही, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि त्यांनी घेतलेली परत कशी करणार?

मामाने हसू दाबायला खोकून पाहिलं. जमलं नाही.

"दुफी, ये बाहेर," आजी म्हणाली. "मघापासून पडद्याखाली तुझे पाय दिसतायत."

दुफी बाहेर आली आणि आजीसमोर उभी राहिली. आजीने पेला छातीशी धरला होता.

"आधी मुलीला विचारायचं, मग प्यायचं. माझं उलटं झालं. आता सांग, ही दारू प्यायले ते बरोबर केलं का?"

"बरोबर केलंस, आजी."

रीत तीनदा विचारायची. आजीने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच दुफी हो म्हणाली आणि सगळी बैठक हसली. कोपऱ्यात ओफोसूने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या काकांनी वळून पाहिलं.

"तू," आजीने त्याच्याकडे बोट केलं. "आता तोंड उघडलंस तरी चालेल. त्या बाईची माफी मागायची."

ओफोसू गोंधळला. "कुठल्या बाईची?"

"जिला पाणी विकलंस तिची."

"अगं आई, ती नाटकातली," मामा म्हणाला.

"असू दे नाटकातली. हसले ते लोक खरे होते." आजी पेल्याच्या तळाशी पाहत राहिली. "मीही हसले होते."

ओफोसू उठून तिच्यापुढे वाकला. "मागतो, आजी. मंगळवारी."

फ्रेमा फोन घेऊन पडवीत गेली. तिने मालिकेच्या लेखकाला गाठलं आणि सांगितलं की त्या विधवेला परत आणावं लागेल. पलीकडून तो बराच वेळ तणतणत होता.

"नाही हो, गोष्टीसाठी नाही," ती म्हणाली. "घरगुती कारण आहे."