तांदळातल्या गोळ्या

"त्या गोळ्या? तांदळात टाकल्या मी," लीलाबाई म्हणाली आणि सूप पाखडत राहिली.

रचना पेटीसमोर उकिडवी बसली होती. पेटीतल्या साड्या, गाईडची वर्दी, पोरीची झबली, सगळं बाहेर काढून झालं होतं. तिने वळून सासूकडे पाहिलं.

"तांदळात? कायले?"

"कायले म्हंजे? किडे झाले ना तांदळात. मले वाटलं, पारदाच्या गोळ्या आनल्या तू. पाकिटातून काढल्या, फडक्यात बांधल्या न् टाकल्या कोठीत. चांगलं केलं तं तोंड कायले पाडते व?"

आता घ्या! धानाच्या मुलखातली सासू. पांढरी चपटी गोळी दिसली की ती तांदळाला किडे लागू नयेत म्हणूनच असणार, दुसरं काही तिच्या डोक्यात येतच नाही. रचनाने कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरचुंडी शोधली. फडकं नुकतंच धुतलेलं असावं. ओलीने गोळ्यांना फेस येऊन त्यांचा नुसता काला झाला होता. एकही कामाची उरली नव्हती.

आणि संध्याकाळी अश्विन येणार होता. अश्विन तिचा नवरा. नागपूर-रायपूर रोडवर ट्रक चालवायचा. कधी पंधरवड्याने घरी यायचा, कधी महिन्याने.

रचनाला रडू आलं आणि मग त्या रडण्याचाच राग आला. पोरगी झाली तेव्हा तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. मांडीपर्यंत सुजलेला पाय घेऊन ती गोंदियाला दवाखान्यात पडून होती. वाचली हेच पुष्कळ. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पोटात घ्यायच्या त्या नेहमीच्या गोळ्या तुला चालणार नाहीत, आणि इतक्यात दुसरं मूलही नको, जिवावर बेतेल. तांबी बसवली तर अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली. शेवटी या गोळ्या मिळाल्या, आत ठेवायच्या. एकट्या गोळीवर भिस्त ठेवू नको, निरोधही वापरा, हेही बाईंनी सांगितलं होतं. पण निरोध अश्विनच्या मर्जीवर. कधी आठवायचा, कधी नाही. गोळी तेवढी तिच्या हातातली होती.

रचना नागझिऱ्याला गाईड होती. वाघ आडवा आला तरी जिप्सीतल्या लोकांना ती गप्प बसवायची. सासूपुढे मात्र तिची जीभ आजवर कधी उचलली नव्हती. आज उचलली.

"आत्या, त्या तांदळाच्या गोळ्या नोहोत."

"मंग कायच्या हायेत?"

"पोरगं राहू नये म्हनून हायेत."

ओट्यावर सासरा भोजराज चहा पीत होता. त्याला ठसका लागला. कप तसाच ठेवून, खांद्यावर दुपट्टा टाकून तो पानठेल्याकडे चालू लागला.

लीलाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"तुमी ओरडा, माह्या मायले बोलवा, काही करा," रचना म्हणाली. "मी आताच सडक अर्जुनीले दवाईच्या दुकानात जाईन न् दुसऱ्या आनीन. नाही भेटल्या तं तुमच्या पोराले ओट्यावर झोपवीन. पन मले इतक्यात मराचं नाही."

आता ही आकांडतांडव करणार, आळी गोळा करणार, असं रचनाने धरूनच ठेवलं होतं. लीलाबाईने सूप बाजूला सारलं. दाराबाहेर डोकावून आली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "खाची नाही का ते?"

"नाही. आत ठेवाची. दहा-पंधरा मिनिटं अगोदर."

"जळजळते का?"

"मले नाही. जळजळलं तं बंद कराची न् डॉक्टरनीले दाखवाचं."

"न् मंग उठून लगेच आतून धुवाचं ना?"

"बिलकुल नाही! सहा घंटे आतून धुवाचं नाही. दवाई वाहून जाते."

"बाप्पा! आमी तं लगेच धुवो. धुतलं का राहत नाही म्हनत."

"तसं काही नसते आत्या. कोनं सांगितलं तुमाले?"

लीलाबाईचा चेहरा उतरला. मग तिने आणखी विचारलं, "मानसाले समजते का, ठेवली म्हनून?"

"समजलं तं समजलं. निरोधासाठी तं सांगाच लागते ना त्याईले."

रचनाला वाटलं, झालं, ही सगळं खोदून खोदून काढून राहिली. अश्विनचा ट्रक गावात शिरायच्या आत त्याच्या कानावर जाणार. जाऊ दे! भीती घालवायला एकदाच काय ते ऐकून घ्यावं लागतं, मग सुटका होते. तिने केसांवरून हात फिरवला, चप्पल घातली आणि निघाली.

"थांब, मीबी येऊन राहिली," लीलाबाई म्हणाली. नातीला कडेवर घेऊन ती मागोमाग आलीच.

दोघी रोडवर आल्या. ऑटोची वाट बघत उभ्या राहिल्या. समोर पानठेल्यावर भोजराज कोणाला तरी टाळी देऊन खदाखदा हसत होता. अजून केसही पिकले नव्हते त्याचे. लीलाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रचनाच्या कानाशी आली.

"दुकानात दोन पाकिटं सांगजो."

"दोन कायले? मले एकच पुरते आत्या."

"आता सारं फोडून सांगा लागते का तुले?" लीलाबाई दातओठ खात म्हणाली. "मले अजून बेचाळीस नाही लागले व. पाळी चालू हाये. पुढच्या साली मांडीवर दीर खेळवाचा हाये का तुले?"