अंदाजे वीस अंडी

"वीस अंडी होती," थोरली म्हणाली.

"अठरा!" आतल्या खोलीतून आवाज आला.

टेबलाभोवतीची मंडळी गालातल्या गालात हसली. बाबा पलंगावर पडून होते, पण चूक दुरुस्त करायला त्यांना उठावं थोडंच लागत होतं! ईस्टरची सकाळ होती. थोरली आणि धाकटा आपापल्या घरून कालच येऊन पोहोचले होते. आज चर्चला जाऊन आल्यावर दोघं आणि थोरलीची लेक स्वयंपाकघरात गोळा झाली होती. आई तेवढी बाबांजवळ घरी थांबली होती. आता ती रंगवलेल्या अंड्यांचं पातेलं पुढे घेऊन एकेक अंडं सोलत होती. आतल्या खोलीचं दार तिने सताड उघडं ठेवलं होतं. म्हणाली, हवा खेळू दे जरा.

चार महिन्यांपूर्वी बाबा जिन्यावरून पडले. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, पाय बरा झालाय, आता धीर तेवढा यायचाय. घरात काठी आली. काठी कोपऱ्यात उभी राहिली, बाबा काही उभे राहिले नाहीत. आणखी महिनाभर असंच चाललं तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी थोरलीला फोनवर बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. रागावून झालं, रडून झालं, हात जोडून झाले. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "बघू उद्या."

बाबांची सगळी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली. दुकानदार त्यांना पाठीमागे 'काटेकोर' म्हणायचे, घरातले तोंडावर म्हणायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. पाहुणा "अंदाजे पाचला येतो" म्हणाला की ते विचारायचे, "म्हणजे पाच वाजून किती?"

कोटाच्या गोष्टीचा विषय आज आईनेच काढला होता. "सांग गं ती मावशीच्या कोटाची गोष्ट. पोरीला माहीत नाही." पोरीला ती दरवर्षी ऐकून तोंडपाठ होती, पण ऐकायची तिची कधीच ना नसे.

"तर," थोरली पुढे सांगू लागली, "बाबांनी त्या ईस्टरला अठरा अंडी घरभर लपवली. सापडली सतराच. आम्ही गाद्या उलट्या केल्या, पिठाचे डबे उपसले. शेवटी चर्चची वेळ झाली म्हणून तसेच निघालो. तिथे मावशी गायला उभी राहिली, कोट झटकला, आणि खिशातून लाल अंडं—"

"निळं!"

"—निळं अंडं टुणकन खाली. घरंगळत घरंगळत थेट फादरांच्या पायाशी. फादरांनी ते उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, 'हे ज्यांनी घातलं असेल, त्यांनी घेऊन जावं.'"

पोरगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. धाकट्याच्या नाकातून चहा आला.

"मावशी वर्षभर बाबांशी बोलली नाही," थोरली म्हणाली.

"अकरा महिने!"

थोरलीने कान टवकारले. आवाज आता उशीवरून येत नव्हता, चांगला वरून येत होता. बाबा उठून बसले असावेत. तिने धाकट्याकडे पाहिलं आणि खडा टाकून बघायचं ठरवलं.

"आणि फुटलं ना ते अंडं," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "फुटणारच! आतून कच्चं होतं. बाबांनी अंदाजाने उकडली होती ना."

धाकट्याने कपाळाला हात लावला.

आत पलंग करकरला. काठीचा ठोका पडला. मग दुसरा, तिसरा. जागचं कुणी हललं नाही. आई तेवढी अंडं सोलत होती.

बाबा दारात उभे होते. एक हात काठीवर, दुसरा चौकटीवर, चेहरा लालबुंद.

"अंदाजाने? मी?" ते गरजले. "बारा मिनिटं! घड्याळ समोर ठेवून! आणि फुटलं नव्हतं ते, नुसता पोचा पडला होता!"

मग एकच गोंधळ उडाला. पोरगी टाळ्या पिटत नाचू लागली. धाकटा खुर्ची आणायला धावला आणि खुर्चीसकट आपटला. थोरली बाबांच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "बाराच बाबा, बाराच मिनिटं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. इतका आनंद तिला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बाबा ऐटीत खुर्चीवर बसले. "आता पहिल्यापासून सांग. नीट."

थोरलीने धाकट्याला हळूच डोळा मारला. काटेकोर माणसाला कसं अलगद जाळ्यात ओढलं!

"फरशी गार आहे, बाबा. सपाता देते थांबा," असं म्हणून ती त्यांच्या पायाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

बाबांच्या पायांत बूट होते. चकचकीत पॉलिश केलेले. नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. पडल्यापासून बाबांचा हात काही गुडघ्याखाली पोहोचत नव्हता, आणि तसली गाठ घरात एकाच माणसाला जमायची.

थोरलीने मान वर केली. आई खालमानेने, टरफल केव्हाच निघालेलं अंडं सोलत होती.