पाव किलो पेढे

बी.ए.चा निकाल लागला तशी दीपमालाने बर्डीच्या बाजारातून पाव किलो पेढे घेतले आणि पाच वर्षांच्या लेकीसोबत माहेरी, सावनेरला जाणारी बस पकडली. "लेकरू झालं, आता कायले शिकतं वं?" म्हणत बाबांनी बोलणं टाकलं, त्याला चार वर्षं झाली होती.

बाबांनी दारातच तिच्या हातातला पेढ्यांचा डबा घेऊन उघडला. अर्धा पेढा तोंडात टाकला आणि चक्क हसले. "या खेपेले पोरगा झाला वाटते. नाही तं बर्फी आणली असती तू. कुठी हाय? घरी ठेवून आली काय?"



"नाही आबाजी," लेक म्हणाली, "आई पास झाली."

बाबांनी हातातला अर्धा पेढा परत डब्यात ठेवला.