दाबून धरा, बाबा!

"दाबा!" गाडीखालून वुकाशिन ओरडला.

तिहोमिरने ब्रेकचं पेडल दाबलं. "दाबलं!"

"धरून ठेवा... सोडलात ना पाय? बाबा, कितीदा सांगू! मी निपल आवळायच्या आत पाय उचललात की हवा परत आत शिरते!"

"तूच गोगलगायीसारखा आवळतोस, त्याला मी काय करू? डोंबलाचा जर्मनीतला मेकॅनिक!"

सकाळपासून हेच चाललं होतं. वुकाशिन जर्मनीत बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा. गावी येताना त्याच्या गाडीचे ब्रेक करकरले, म्हणून अंगणातच त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे, नवे बसवले. आता तेवढी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. हवा वर चढते, म्हणून ती काढायचं निपल नेहमी वरच्या बाजूला असतं. हे तिहोमिरनेच त्याला जुन्या झास्तावा गाडीवर शिकवलं होतं.

ब्रेक झाले की पोरगा लगेच निघणार होता. आणि उद्या स्लावा! घराण्याच्या संताचा दिवस. कैक वर्षांत पोराने घरची मेणबत्ती पेटवली नव्हती.

पण स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो आपणहून येतो. मग पोटच्या पोराला 'थांब रे' म्हणून विनवायचं? तिहोमिरची जीभ काही रेटेना. पाय मात्र त्याचा स्वतःचा होता. दर वेळी तो हळूच उचलत होता.

पिठाने माखलेले हात घेऊन रोसांदा बाहेर आली. गाडीच्या उघड्या दारातून तिने नवऱ्याचा पाय बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, काय हे!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या कामावर गेला नाही तर नोकरी जाईल त्याची. तुमच्या हट्टापायी?"

तिहोमिर वरमला. खरंच, काय पोरखेळ लावलाय आपण! तो सरसावून बसला.

"दाबा!"

या खेपेला त्याने इमानदारीत दाबलं. धरून ठेवलं, पोटऱ्या भरून आल्या तरी हलला नाही. एकदा, दोनदा, चारदा. पेडल आपलं लोण्यात गेल्यासारखं खाली, हवा तशीच आत.

"अरे, ही काय ब्याद आहे!" तिहोमिर वैतागला. आता तर चूक त्याची नव्हती.

"ब्रेकचं तेल घालावं लागेल. आणतो," म्हणत वुकाशिन गाडीखालून निघाला आणि कोठाराकडे गेला.

तिहोमिर कण्हत उतरला, गुडघ्यांवर बसला आणि चाकामागे डोकावला. मग पलीकडच्या चाकामागेही.

डावा कॅलिपर उजवीकडे होता, उजवा डावीकडे. दोन्ही निपलं खाली, जमिनीकडे तोंड करून. बसगाड्यांचे ब्रेक करणाऱ्याच्या हातून अशी चूक?

कोठारातून पावलं वाजली. म्हातारा लगबगीने सीटवर जाऊन बसला.

"दाबा, बाबा!"

"दाबलं!" तिहोमिर ओरडला, आणि दोन्ही पाय दाराबाहेर सोडून ऐसपैस बसला.